ड्रायव्हरचा मुलगा : अपहरणपटात दिसते कोण आणि गोष्ट असते कोणाची

उत्तररात्र (धागा)

गेल्या पंधरवड्यात मी एकाच कथेवरचे दोन चित्रपट पाठोपाठ पाहिले. पहिला आकिरा कुरोसावा यांचा १९६३ सालचा जपानी चित्रपट. त्याच्या मूळ नावाचा अर्थ 'स्वर्ग आणि नरक' असा आहे, पण जगभर तो 'हाय अँड लो' या नावाने ओळखला जातो. दुसरा स्पाइक ली यांचा 'हायेस्ट टू लोएस्ट', जो २०२५ च्या मे महिन्यात कान महोत्सवात प्रथम दाखवला गेला. दोन्हींचे बीज एड मॅकबेन यांच्या १९५९ च्या 'किंग्ज रॅन्सम' या कादंबरीत आहे. या धाग्यात दोन्ही कथानके उघड होणार आहेत, तेव्हा ज्यांना चित्रपट कोरेपणाने पाहायचे आहेत त्यांनी आधी ते पाहून यावे.

कथेचा गाभा थोडक्यात असा. एका श्रीमंत उद्योजकाच्या मुलाला पळवून खंडणी मागण्याचा बेत असतो, पण चुकून त्याच्या ड्रायव्हरचा मुलगा पळवला जातो. चूक लक्षात आल्यावरही अपहरणकर्ता मागे हटत नाही. मूल कोणाचेही असो, पैसे मालकानेच द्यावेत, असे तो बजावतो. मालकाने नेमकी त्याच वेळी कंपनी ताब्यात घेण्यासाठी घरदार गहाण टाकून रक्कम उभी केलेली असते. कुरोसावांच्या चित्रपटात ही खंडणी ३ कोटी येन आहे आणि ती दिली तर गोंदो हा पादत्राणांच्या कंपनीचा संचालक धुळीला मिळणार आहे.

पडद्यावर वेगवेगळ्या समाजांतील माणसे किती आणि कोणत्या भूमिकांत दिसतात, यावर आपल्याकडे आता बरीच चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. मला मात्र या दोन चित्रपटांनी एका वेगळ्या जागी अडकवून ठेवले. मूल ड्रायव्हरचे हरवले आहे, तरी चित्रपट मालकाच्या निर्णयाचा आहे. ज्याचे मूल गेले तो बाप आपल्याच संकटाच्या गोष्टीत दुय्यम पात्र होतो.

कुरोसावांनी पहिला जवळपास तासभर आपल्याला गोंदोच्या टेकडीवरच्या दिवाणखान्यातून बाहेर जाऊ दिलेले नाही. रुंद पडद्यावर पोलीस, पत्नी, कंपनीतला उजवा हात आणि गोंदो हे सगळे मांडलेले असतात. या गर्दीत आओकी हा ड्रायव्हर कोठे उभा आहे, हे दुसऱ्यांदा पाहताना मी केवळ तेवढेच पाहत राहिलो. तो बहुतेक वेळ कडेला, खांदे पाडून, पाठ अर्धवट वळवून उभा असतो. आपला मुलगा जुन घरातच सुखरूप आहे हे कळताच गोंदोचा चेहरा उजळतो, आणि मग कोणाच्या तरी ध्यानात येते की आओकीचा शिनइची कोठे दिसत नाही. दोन्ही मुलांनी खेळताना कपड्यांची अदलाबदल केली होती. आओकी नंतर गोंदोच्या पायाशी बसून विनवणी करतो आणि पुढे तर ती विनवणीसुद्धा मागे घेतो, कारण मालकाकडून इतके मागणे त्याला स्वतःलाच अवाजवी वाटू लागते. युताका सादा या नटाने हा माणूस इतका आकसून उभा केला आहे की तो खोलीत आहे याचीच आपल्याला लाज वाटू लागते.

ली यांनी ही कथा आजच्या न्यूयॉर्कमध्ये आणली आणि सारे प्रमुख पात्रविश्व कृष्णवर्णीय केले. डेन्झेल वॉशिंग्टन यांचा डेव्हिड किंग हा संगीत कंपनीचा मालक आहे आणि ब्रुकलिनमध्ये नदीकाठच्या उंच इमारतीत राहतो. जेफ्री राइट यांचा पॉल हा त्याचा ड्रायव्हर आहे, पण तो लहानपणापासूनचा मित्रही आहे. पॉल तुरुंगवास भोगून आलेला आणि मुस्लिम आहे. त्याच्या मुलाची, काइलची, भूमिका राइट यांचा खरा मुलगा एलायजा राइट याने केली आहे. पॉल आओकीसारखा वाकत नाही. तो चिडतो, प्रश्न विचारतो, आणि पोलीस हलत नाहीत असे दिसल्यावर किंगबरोबर स्वतः अपहरणकर्त्याच्या शोधात निघतो.

ड्रायव्हरला आवाज मिळाला, ही मोठी गोष्ट आहे असे मी मानतो. तरीही 'द्यावे की न द्यावे' हा प्रश्न पुन्हा मालकाच्याच उंच खिडकीशी उभा राहून सोडवला जातो. पडद्यावरचे चेहरे बदलले, नट बदलले, दिग्दर्शकाचा समाज बदलला, पण कथेची मालकी हलली नाही. त्यामुळे प्रतिनिधित्व मोजताना आपण नेमके काय मोजावे, याबद्दल येथील जाणकारांचे मत मला हवे आहे.

---

सावरगाव

धागा आवडला, परंतु कुरोसावांवर आपण थोडा अन्याय केला आहे असे मला वाटते. आओकीला कडेला उभे करणे ही दिग्दर्शकाची नजरचूक असती तर आपला आक्षेप योग्य ठरला असता. पण त्या दिवाणखान्यातील प्रत्येक माणसाची जागा आखून दिलेली आहे. आओकीचे कडेला असणे हाच त्या दृश्याचा आशय आहे. मूळ कादंबरीतला मालक खंडणी द्यायला शेवटपर्यंत नकार देतो. कुरोसावांनी त्याला देण्यास भाग पाडले, आणि त्या देण्याने तो कायमचा उतरणीला लागतो. गोंदो स्वतः कारागिरीतून वर आलेला आहे. खंडणीच्या बॅगांत पोलिसांच्या रसायनाच्या पुड्या शिवून बसवायच्या असतात तेव्हा तो आपली जुनी अवजारे काढून जमिनीवर बसतो आणि स्वतः शिवतो. त्या क्षणी तो आणि आओकी एकाच पातळीवर येतात, असे मला प्रत्येक वेळी वाटते.

माझा खरा आक्षेप चित्रपटाच्या उत्तरार्धाला आहे आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. अपहरणकर्ता ताकेउची हा रुग्णालयात उमेदवारी करणारा तरुण डॉक्टर आहे. त्याने आपल्या दोन साथीदारांना शुद्ध हेरॉइन देऊन मारले, हे पोलिसांना कळते. त्याला लगेच अटक केली तर अपहरणाबद्दल फार तर १५ वर्षांची शिक्षा होईल, म्हणून निरीक्षक तोकुरा त्याला मोकळा ठेवून खुनाच्या प्रयत्नात रंगेहाथ पकडायचे ठरवतो. पोलीस पाळतीवर असतात. ताकेउची योकोहामाच्या कोगानेचो भागातील व्यसनी माणसांच्या गल्लीत शिरतो, तेथील एका बाईला घेऊन बाहेर पडतो आणि विषाची मात्रा पुरेशी आहे की नाही हे तिच्यावर तपासून पाहतो. ती मरते. पोलीस तेथून हाकेच्या अंतरावर असतात.

त्या बाईला चित्रपटाने नाव दिलेले नाही. तिच्या मृत्यूनंतर सापळा थांबत नाही, कोणी स्वतःला दोष देत बसत नाही, आणि कथा पुढच्या ठिकाणी निघून जाते. गोंदोचे पैसे परत मिळावेत म्हणून अख्खे पोलीस खाते रात्रंदिवस राबते, वृत्तपत्रे त्याच्या बाजूने उभी राहतात, लोक त्याच्या जुन्या कंपनीच्या मालावर बहिष्कार घालतात. या बाईसाठी कोणीही काहीही करत नाही. त्या गल्लीतील माणसे भुतांसारखी चित्रित केली आहेत, भिंतींना नखांनी ओरबाडणारी, चेहरा नसलेली. प्रतिनिधित्वाचा हिशेब करायचा असेल तर आओकीच्या आधी मी तिच्यापाशी थांबेन.

---

उत्तररात्र

सावरगाव, आपण म्हणता ते मी दोनदा पाहूनही माझ्या ध्यानात आले नव्हते. मी ते दृश्य 'तपासातील एक टप्पा' म्हणून पाहिले. आता वाटते की चित्रपटाने मला तसेच पाहायला लावले, कारण तोपर्यंत मी पूर्णपणे पोलिसांच्या बाजूने पाठलाग करत होतो.

एक गोष्ट जोडतो. हा चित्रपट १ मार्च १९६३ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला. अपहरणाला तेथील कायद्यात शिक्षा फारच सौम्य आहे, ही कुरोसावांची तक्रार होती आणि तोकुराच्या तोंडी ती येते. त्याच महिन्याच्या अखेरीस टोकियोच्या तैतो भागातून ४ वर्षांच्या एका मुलाचे खंडणीसाठी अपहरण झाले. मागितलेली रक्कम ५ लाख येन होती, म्हणजे चित्रपटातील खंडणीचा साठावा हिस्सा. त्या मुलाचे घर टेकडीवर नव्हते, दाट वस्तीतले होते. तो जिवंत परतला नाही. १९६४ मध्ये जपानच्या दंडसंहितेत खंडणीसाठी केलेल्या अपहरणाचे स्वतंत्र कलम आले आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढली. कायदा हलला तो अशा सामान्य घरातल्या मुलामुळे, आणि पडद्यावर मात्र ही भीती आपण प्रामुख्याने श्रीमंतांची भीती म्हणून पाहत आलो.

---

पानगळ

मी या संकेतस्थळावर अनेक वर्षे केवळ वाचत आहे, प्रतिसाद क्वचितच देते. या धाग्यावर लिहिल्यावाचून राहवले नाही.

माझे वडील पुण्यात एका उद्योजक कुटुंबाकडे २२ वर्षे ड्रायव्हर होते. बंगल्याच्या मागे दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. त्या घरचा मुलगा माझ्याहून एका वर्षाने मोठा होता आणि आम्ही मागच्या अंगणात एकत्र खेळत असू. त्याचे लहान झालेले कपडे माझ्या भावाला मिळत. त्यामुळे शिनइची आणि जुन यांच्यातील कपड्यांच्या अदलाबदलीकडे मी कथेतली युक्ती म्हणून पाहू शकत नाही. मागून पाहिले तर माझा भाऊ आणि तो मुलगा सारखेच दिसत, आणि मोटारीतून उतरताना वॉचमन कधी कधी माझ्या भावालाच सलाम करी.

त्या घरातील माणसे वाईट नव्हती, हे मी मनापासून सांगते. माझ्या शाळेची फी दोन वर्षे त्यांनीच भरली. पण एकदा घरातून सोन्याची साखळी हरवली तेव्हा पहिल्यांदा आमच्या खोलीतील ट्रंक उघडली गेली. वडिलांनी स्वतःच ती उघडून दिली, कोणी सांगण्याच्या आधी. साखळी चार दिवसांनी मालकीणबाईंच्याच प्रवासाच्या बॅगेत सापडली. त्याबद्दल पुढे कोणी चकार शब्द काढला नाही, वडिलांनीही नाही.

आओकी आपली विनवणी मागे घेतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती ट्रंक येते. त्याच्या वागण्याला लाचारी म्हणणे फार सोपे आहे. आपल्या मुलाचा जीव दुसऱ्याच्या उपकारावर टांगलेला असताना माणूस काय मागू शकतो आणि किती वेळ मागू शकतो, याचा तो हिशेब करत असतो. हा हिशेब ज्यांनी कधी केला नाही त्यांना तो कडेला उभा असलेला दुय्यम माणूस वाटेल. आमच्या घरात हा चित्रपट सुरू असता तर सगळ्यांचे डोळे कडेलाच लागलेले असते.

म्हणून उत्तररात्र यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की सादा यांच्या आओकीमध्ये मला माझे वडील पूर्णपणे दिसले आणि राइट यांच्या पॉलमध्ये ते अजिबात दिसले नाहीत. पॉल मला आवडला. मालकाशी बरोबरीने बोलणारा ड्रायव्हर पाहून बरे वाटले. पण मित्र असलेला ड्रायव्हर ही सवलत आहे. त्या मैत्रीमुळे किंगचा निर्णय सोपा होतो आणि आपल्यालाही सोपा वाटतो.

---

डेलावेअरकाठ

पानगळताई, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. आपण ट्रंकेबद्दल लिहिलेत म्हणून मला आमच्या परिसरातील एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते.

मी न्यू जर्सीत फ्लेमिंग्टनच्या जवळ राहते. १९३५ मध्ये लिंडबर्ग बाळाच्या अपहरणाचा खटला याच गावच्या न्यायालयात चालला. वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांचा २० महिन्यांचा मुलगा १ मार्च १९३२ च्या रात्री होपवेलजवळच्या घरातून पळवला गेला आणि मे महिन्यात त्याचा मृतदेह सापडला. तपासाची पहिली झळ पोहोचली ती घरातील नोकरांना. लिंडबर्ग यांच्या सासुरवाडीला व्हायलेट शार्प नावाची इंग्लंडहून आलेली तरुण मोलकरीण होती. त्या रात्री आपण कोठे होतो, हे सांगताना ती गोंधळली, म्हणून तिची पुन्हा पुन्हा चौकशी झाली. जूनमध्ये पोलीस आणखी एकदा येणार असे कळल्यावर तिने चांदी उजळण्याचे विषारी द्रव्य पिऊन जीव दिला. ती त्या रात्री काही मित्रांबरोबर बाहेर गेली होती, याची नंतर खात्री पटली. त्याच जूनमध्ये अमेरिकेत अपहरणाचा संघराज्यीय कायदा झाला आणि त्याला लिंडबर्ग यांचे नाव मिळाले. व्हायलेट शार्पचे नाव येथे जुन्या इतिहासाची आवड असलेल्यांनाच ठाऊक असते.

'हायेस्ट टू लोएस्ट' मी ऑगस्टमध्ये येथील चित्रपटगृहात पाहिला. त्यात पोलिसांचे पथक घरात येते, किंगशी अदबीने बोलते आणि पॉलकडे संशयाने पाहते. त्याचा तुरुंगवास, त्याचा धर्म, दोन्ही त्यांच्या नजरेत आधीपासून असतात. मूल त्याचेच पळवलेले आहे तरी प्रश्न त्यालाच. माझ्या शेजारी बसलेल्या वयस्कर कृष्णवर्णीय बाईंनी त्या प्रसंगी एक दीर्घ उसासा टाकला. पानगळताईंना पॉलमध्ये त्यांचे वडील दिसले नाहीत हे मी समजू शकते, पण त्या बाईंना कोणीतरी दिसले होते. किंग आणि पॉल एकाच वस्तीतून आलेले असूनही पोलिसांच्या वागण्यात एवढा फरक पडतो, म्हणजे पैशाने एकाचा रंग पुसट झाला आणि दुसऱ्याचा गडद झाला. कुरोसावांच्या जपानमध्ये हा पदर असणे शक्य नव्हते आणि तो जोडल्याबद्दल मी ली यांची ऋणी आहे.

खंडणीच्या बॅगेचा प्रसंगही पाहण्यासारखा आहे. जुन्या चित्रपटात वेगवान 'कोदामा' गाडीच्या स्वच्छतागृहाची खिडकी केवळ ७ सेंटिमीटर उघडते, म्हणून बॅगा त्याहून पातळ हव्यात, असा अपहरणकर्त्याचा हुकूम असतो आणि सारा थरार त्या फटीत भरलेला असतो. ली यांनी त्याजागी ब्राँक्सकडे जाणारी भुयारी रेल्वे आणली. डब्यात यांकीज या बेसबॉल संघाचे समर्थक घोषणा देत आहेत आणि बाहेर पोर्तो रिकन समाजाच्या वार्षिक मिरवणुकीचा जल्लोष चालू आहे, जेथे एडी पाल्मिएरी हे ज्येष्ठ वादक आपल्या ताफ्यासह वाजवत आहेत. चित्रपट चित्रपटगृहांत प्रदर्शित होण्याच्या थोडे दिवस आधी पाल्मिएरी यांचे निधन झाले. हा जमाव मला केवळ पार्श्वभूमी वाटला नाही. शहर ज्यांचे आहे ते लोक तेथे आपल्या आनंदात आहेत आणि एका धनिकाच्या बॅगेशी त्यांना काही कर्तव्य नाही, ही गोष्ट पडद्यावर प्रथमच इतक्या मोकळेपणाने आली असे मला वाटले.

---

मृद्गंध

याच संदर्भात डेनिस विलनव यांच्या २०१३ च्या 'प्रिझनर्स'चा उल्लेख करतो, कारण त्यात ही अडचण आणखी उघडी पडते. पेनसिल्व्हेनियातील एका गावात थँक्सगिव्हिंगच्या दिवशी दोन शेजारी कुटुंबे एकत्र जेवतात आणि दोघांच्याही लहान मुली नाहीशा होतात. डोव्हर कुटुंब श्वेतवर्णीय आहे आणि बर्च कुटुंब कृष्णवर्णीय. टेरेन्स हॉवर्ड आणि व्हायोला डेव्हिस यांच्यासारखे ताकदीचे नट बर्च दांपत्याच्या भूमिकेत आहेत. कागदावर पाहिले तर प्रतिनिधित्व पूर्ण झाले, मूलही हरवले, दुःखही समसमान.

पुढे काय होते? ह्यू जॅकमनचा केलर डोव्हर संशयिताला पळवून एका ओसाड इमारतीत डांबतो आणि त्याचे हाल करतो. संपूर्ण चित्रपट त्याच्या क्रोधाचा, श्रद्धेचा आणि पापाचा होतो. बर्च पतिपत्नी ते पाहतात, हादरतात, आणि नॅन्सी बर्च ठरवते की आपण मदत करायची नाही आणि अडवायचेही नाही. हा निर्णय भयंकर आहे. एका आईने तो कसा घेतला, त्या रात्री ती झोपली कशी, नवऱ्याच्या डोळ्यांत तिने पुन्हा कसे पाहिले, यावर एक स्वतंत्र चित्रपट उभा राहिला असता. येथे तो काही मिनिटांत आटोपतो. सर्वांत लक्षणीय म्हणजे बर्च यांची मुलगी जॉय हीच आधी निसटून परत येते आणि तिच्या तोंडच्या एका वाक्यावरून डोव्हरला खरी जागा कळते. तिची सुटका म्हणजे त्याच्या मुलीच्या शोधाचा दुवा. त्यानंतर बर्च कुटुंबाचे काय झाले, हे चित्रपट पाहत नाही.

अमेरिकी पत्रकार ग्वेन आयफिल यांनी २००४ मध्ये 'मिसिंग व्हाइट वुमन सिंड्रोम' हा शब्दप्रयोग रूढ केला होता. गोरी स्त्री बेपत्ता झाली की वृत्तवाहिन्यांना जणू आजार जडतो आणि इतरांच्या मुली हरवल्या की तो बरा होतो, अशा आशयाचा. 'प्रिझनर्स'मध्ये दोन्ही मुली एकाच वेळी, एकाच रस्त्यावरून नाहीशा होतात, तरीही हा पक्षपात पटकथेच्या रचनेत शिरतोच. छायाचित्रण, अभिनय, वातावरण या बाबतीत मी या चित्रपटाचा निस्सीम चाहता आहे, म्हणूनच हे अधिक बोचते.

---

न्यायपथिक

मी वकिली करतो आणि बेपत्ता मुलांच्या काही प्रकरणांत काम केले आहे, त्यामुळे चर्चा थोडी पडद्याबाहेर नेतो, पण मुद्दा तोच आहे.

नोव्हेंबर २००६ मध्ये नोएडात एका मोठ्या संगणक कंपनीच्या भारतातील प्रमुखाच्या लहान मुलाचे अपहरण झाले. देशभर बातमी झाली, पोलीस यंत्रणा पूर्ण ताकदीने कामाला लागली आणि मूल काही दिवसांत सुखरूप परत आले. ते परत आले याचा आनंदच आहे. त्याच नोएडात निठारी गावातून सुमारे दोन वर्षे मुले नाहीशी होत होती. त्यांचे आईवडील घरकाम करणारे, रिक्षा ओढणारे, मजुरी करणारे, बरेचसे इतर राज्यांतून आलेले होते. ते पोलीस चौकीत गेले की मुलगी पळून गेली असेल, असे सांगून त्यांना परत पाठवले जाई. डिसेंबर २००६ च्या अखेरीस एका बंगल्यामागच्या नाल्यात सांगाडे सापडले तेव्हा देशाला निठारी हे नाव कळले. केंद्र सरकारच्या समितीनेही पोलिसांच्या बेपर्वाईवर ठपका ठेवला.

सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेवर आदेश दिला की मूल बेपत्ता झाल्याच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवलाच पाहिजे आणि ते अपहरण किंवा मानवी तस्करी आहे असे गृहीत धरूनच तपास सुरू केला पाहिजे. त्या आधी अनेक ठिकाणी 'हरवल्याची नोंद' करून कागद फायलीत जात असे. म्हणजे कोणाचे मूल 'पळवले' जाते आणि कोणाचे 'हरवते', हा फरक आपल्या नोंदवहीतच होता. 'अपहरण' हा शब्द ज्यांच्याकडून खंडणी मिळू शकते त्यांच्यासाठी राखून ठेवल्यासारखा होता.

आदित्य निंबाळकर यांनी निठारीच्या घटनांवर बेतलेला 'सेक्टर ३६' हा हिंदी चित्रपट २०२४ मध्ये केला. त्यात दीपक डोब्रियाल यांचा निरीक्षक तोपर्यंत वस्तीतल्या मुलांच्या तक्रारी टाळत असतो, जोपर्यंत त्याच्या स्वतःच्या मुलीवर प्रसंग येत नाही. हे प्रामाणिक चित्रण आहे, परंतु पुन्हा पाहा, कथेला सुरुवात व्हायला पोलिसाची मुलगी धोक्यात यावी लागली. वस्तीतील एखाद्या आईला मध्यभागी ठेवून, चौकीच्या बाकावर बसलेल्या तिच्या दिवसांचा थरारपट कोणी करील का? थरार म्हणाल तर तिच्याकडे तो कोणाहूनही जास्त आहे. मुलगी गेली त्या दिवसापासून वेळ धावतच असते, पण तिच्यासाठी कोणी दूरध्वनीला ध्वनिमुद्रक जोडून बसलेले नसते.

---

सावरगाव

न्यायपथिक यांच्या शेवटच्या वाक्यावरून एक जाणवले. कुरोसावांच्या चित्रपटात तपासाचा महत्त्वाचा धागा त्या ध्वनिमुद्रणातूनच सापडतो. फोनच्या मागे एनोशिमाच्या बाजूच्या छोट्या रेल्वेचा आवाज ऐकू येतो आणि रेल्वेतील एक कर्मचारी तो केवळ आवाजावरून ओळखतो. मच्छीबाजारातील माणसे, कारखान्यातील कामगार, कचरा जाळणारा, असे कितीतरी साधे लोक आपापल्या कामाच्या ज्ञानातून पोलिसांना एकेक तुकडा देतात. बॅगेतल्या रसायनामुळे धुराड्यातून गुलाबी धूर निघतो, आणि कृष्णधवल चित्रपटात तेवढाच रंग दिसतो, तेव्हा तो ज्याच्या हातून निघाला तो कचरा जाळणारा माणूसही आपल्याला दिसतो आणि बोलतो. कामकरी माणसांचे इतके सन्मानपूर्वक चित्रण थरारपटात मी इतरत्र पाहिलेले नाही. आणि याच चित्रपटाने त्या गल्लीतील बाईला नाव दिले नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला त्या एकमेकींत मिसळून टाकायच्या नाहीत.

एका स्त्रीबद्दल मात्र बोलायचे राहून गेले. गोंदोची पत्नी रेइको पहिल्यापासून म्हणते की पैसे द्या. गोंदो तिला सुनावतो की तुला गरिबी ठाऊक नाही. ती सधन घरातून आली आहे आणि तिच्या माहेरच्या पैशाचा त्याच्या प्रगतीला हातभार लागला आहे, म्हणजे बुडणाऱ्या रकमेत तिचाही वाटा आहे. तरी निर्णयाच्या वेळी तिचे मत भावनेत जमा होते. शिनइचीची आई तर पडद्यावर नाहीच.

---

पानगळ

काल रविवारी वडील माझ्याकडे आले होते. ते आता ७४ वर्षांचे आहेत. त्यांना 'हाय अँड लो' दाखवला. उपशीर्षके इंग्रजीत असल्यामुळे मी शेजारी बसून प्रत्येक वाक्य मराठीत सांगत होते. दिवाणखान्यातील तासभर ते काही बोलले नाहीत.

मुलगा परत आल्यानंतर आओकी त्याला मोटारीत बसवून, कोणालाही न सांगता, अपहरणकर्त्यांनी त्याला जेथे ठेवले होते ते घर शोधायला स्वतःच निघतो. तो रस्त्यांवरून गाडी फिरवत मुलाला विचारत राहतो की समुद्र कोणत्या बाजूला दिसत होता. तेथे वडिलांनी मला चित्रपट थांबवायला सांगितला. "हे बघ," ते म्हणाले, "इथं तो मालकाला विचारायला गेला नाही." मग त्यांनी तो भाग पुन्हा लावायला लावला आणि या वेळी मला भाषांतर करू दिले नाही.

शेवटी तुरुंगात काचेच्या दोन बाजूंना गोंदो आणि ताकेउची बसतात. गोंदो सांगतो की आपण आता एका लहानशा कंपनीत पुन्हा पादत्राणे बनवतो. ताकेउची आपल्या उन्हाळ्यात तापणाऱ्या आणि हिवाळ्यात गोठणाऱ्या खोलीबद्दल बोलतो, जेथून टेकडीवरचे घर त्याला स्वर्गासारखे दिसे. मग किंचाळतो, दोघांमधला लोखंडी पडदा धाडकन खाली येतो आणि चित्रपट संपतो. वडील पडद्याकडे पाहत राहिले आणि थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "मालकाचं घर गेलं, गाडी गेली. मग त्या ड्रायव्हरची नोकरी?"

मी चित्रपट मागे नेऊन ती तुरुंगातील भेट पुन्हा पाहिली. आओकीचे नाव तेथे कोणीही काढत नाही.